न झालेला सहावा अल्बम

फुटलेले बँड : भाग ४

गेल्या भागात बीटल्सची कोर्टकचेरी पाहिली. तिथलं भांडण चव्हाट्यावर आलं होतं. आजचा बँड नेमका कधी फुटला, याची तारीखसुद्धा कुणाला देता येत नाही. लंडनच्या 'द पोलीस'ने तशी घोषणा केलीच नाही. मार्च १९८४ मध्ये मेलबर्नला दौरा संपला, स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्युअर्ट कोपलंड आपापल्या वाटेने गेले आणि जग सहाव्या अल्बमची वाट पाहत बसलं.

वाट पाहण्यासारखं होतंच. १९८३ मध्ये 'सिंक्रोनिसिटी' या त्यांच्या पाचव्या अल्बमने अमेरिकेत चक्क मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला पहिल्या क्रमांकावरून हलवलं आणि एकूण १७ आठवडे ती जागा राखली. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' ८ आठवडे अव्वल राहिलं. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम भरलं. त्याच्या तीनच वर्षं आधी, मार्च १९८० मध्ये, हे तिघे मुंबईतही वाजवून गेले होते. परदेशी रॉक बँडने इकडे फिरकणं ही तेव्हा अपूर्वाईच होती.

म्हणून चाहत्यांचा ठरलेला हिशेब असा : आणखी दहा वर्षं एकत्र राहिले असते तर पुढे यू-टूला मिळालेली गादी यांचीच होती. मला हा हिशेब पटत नाही. एकत्र राहिले असते तर काय झालं असतं, ते या तिघांनी प्रत्यक्ष करून पाहिलं आहे.

आधी 'सिंक्रोनिसिटी'चंच रेकॉर्डिंग बघा. कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर जॉर्ज मार्टिन यांचा स्टुडिओ होता. समर्स मुख्य खोलीत, स्टिंग कंट्रोल रूममध्ये आणि कोपलंडचे ड्रम थेट जेवणाच्या खोलीत! आवाज स्वच्छ यावा हे एक कारण, पण एका खोलीत बसलं की खटके उडायचे हेही तितकंच खरं. अल्बममध्ये समर्स आणि कोपलंड यांचं प्रत्येकी एक गाणं घेतलं गेलं. बाकी जवळपास सगळं स्टिंगचं.

मग आलं १९८६. जूनमध्ये अॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या मदतीसाठी तिघे तीन कार्यक्रमांपुरते एकत्र आले. शेवटचा कार्यक्रम न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियमवर झाला, आणि तिथे मंचावरच त्यांनी आपली वाद्यं यू-टूच्या हातात दिली. तरी पुढच्या महिन्यात सहाव्या अल्बमसाठी स्टुडिओ घेतलाच. कोपलंड घोड्यावरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. ड्रमर वाजवू शकत नाही म्हटल्यावर यंत्रावर ताल बसवायचा ठरला. आणि कोणतं यंत्र वापरायचं, फेअरलाइट की सिंक्लाव्हियर, यावर स्टिंग आणि कोपलंड यांची जुंपली. स्टिंगकडे नवी गाणी नव्हती, किंवा असली तरी ती बाकीच्या दोघांसमोर ठेवायची त्याची इच्छा नव्हती. 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' हे १९८० चंच गाणं संथ करून पुन्हा बाजारात आणलं, ते फारसं चाललं नाही. मूळ गाण्यातली अस्वस्थ धग त्यात औषधालाही उरलेली नाही.

म्हणजे फुटण्यामुळे सहावा अल्बम हुकला असं म्हणता येत नाही. तो होणारच नव्हता, आणि झाला असता तर पाच अल्बमांची ती निर्दोष रांग बिघडली असती.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाची एक साधी रचना होती. गाण्यात शब्द आणि चाल ज्याची, मानधनाचा मोठा ओघ त्याच्याकडे. वाजवणाऱ्याने त्यात कितीही जीव ओतला तरी तो 'संयोजन' म्हणून गणला जातो. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'ची ओळख म्हणजे समर्सची ती गिटारची लड. १९९७ मध्ये पफ डॅडीने नेमकी तीच उचलून जगभर गाजलेलं गाणं केलं, पण गीतकार म्हणून श्रेय स्टिंगचं. यू-टूने श्रेय चौघांत वाटलं. माझ्या मते त्यांच्या टिकून राहण्याचं अर्धं गुपित तिथे आहे, त्यांचा गायक बोनो याच्या आवाजात नाही.

नुकसान झालं ते ऐकणाऱ्यांचं, आणि तेही आकड्यांत न दिसणारं. कोपलंडचं बालपण बैरूतमध्ये, अरबी तालांच्या सहवासात गेलं. रेगेप्रमाणे पहिली मात्रा मोकळी सोडून तो हाय-हॅटवर असं काही कुरतडत राहायचा की स्टिंगच्या गोड चालीला स्वस्थ बसता येत नसे. १९८५ पासून स्टिंगने ब्रॅनफर्ड मार्सालिससारखे एकाहून एक जाझवादक जमवले. वादक म्हणून ते कोणापेक्षाही कमी नव्हते, पण मालकाशी भांडणारे नव्हते. ते अल्बम ऐकायला छान वाटतात, आणि बऱ्याचदा तेवढेच.

२००७-०८ च्या पुनर्मीलन दौऱ्यात दीडशेच्या आसपास कार्यक्रम झाले, तिकिटांतून ३० कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. नवीन गाणं एकही नाही. चाळीस वर्षं दरवर्षी रस्त्यावर असणाऱ्या बँडला एवढी गर्दी क्वचितच मिळते. ती भूक दोन तपांच्या गैरहजेरीने तयार केली होती.

२०२५ मध्ये समर्स आणि कोपलंड यांनी स्टिंगवर लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. वाद मानधनातल्या वाट्याचाच. आता त्यात स्ट्रीमिंगची भर. स्टिंगला त्यांचं म्हणणं मान्य नाही. पुढच्या आठवड्यात क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल : तिथे तर गायकाला स्वतःसारखंच गायल्याबद्दल कोर्टात उभं राहावं लागलं.