अरुगम बेचा आषाढ

आषाढात आमच्या कोकणात होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, आणि दर्यात उतरण्यास कायद्याची, तशीच नारळी पौर्णिमेपर्यंत वडीलधाऱ्यांचीही मनाई असते. त्याच दिवसांत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, पोत्तुविलजवळच्या अरुगम बे येथे, मी पहाटे भूशिरावर जाऊन बसलो. नैऋत्य मोसमी वारा तोच होता. परंतु आपले पाणी बेटाच्या पश्चिम उतारावर रिते करून तो येथे कोरडा होऊन, भूमीकडून सागराकडे वाहत होता.

लाट मात्र या वाऱ्याची नव्हे. तिचा जन्म दूर दक्षिणेस, चाळिसाव्या अक्षांशापलीकडच्या वादळी महासागरात. तेथे हिवाळा असतो तेव्हा येथे सर्फिंगचा हंगाम असतो. घड्याळ लावून मोजले, तेव्हा दोन शिखरांत १४ सेकंदांचे अंतर भरले. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली, की तिच्यावर तळाचा अंमल सुरू होतो. भूशिरालगतच्या उथळ पाण्यात तिचे आतले टोक मंदावते, बाहेरचे पुढे धावते, आणि अशा रीतीने वळत ती एकदम न कोसळता भूशिराकडून खाडीकडे क्रमाक्रमाने फुटत जाते.

शेजारी एक स्थानिक सर्फिंग-शिक्षक सर्फबोर्डावर मेणाची वडी गोल गोल घासत होता. हात फळीवर, दृष्टी क्षितिजावर. लाटांच्या दोन टोळ्या त्याने तशाच जाऊ दिल्या. टोळीतील पहिलीच्या मागे लागून जो चुकतो, त्याला उरलेल्या साऱ्या डोक्यावर घ्याव्या लागतात, असे तो म्हणाला आणि पाण्यात उतरला. पाण्यात लेखी कायदा नाही, पण वहिवाट पक्की आहे: फुटीच्या सर्वांत जवळ जो, लाटेवर पहिला हक्क त्याचा.

दहाच्या सुमारास खारा वारा सुटला, पाण्याच्या काचेवर सुरकुत्या पडल्या आणि शिक्षक बाहेर आला. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला, की आपला मुक्काम नैऋत्येस वेलिगामाला हलतो, असे सांगून त्याने आमच्या दर्याची चौकशी केली. बंद आहे, मी म्हटले. तो हसला, "तुमच्याकडे वारा घरात शिरतो, आमच्याकडे तो घरातून निघतो."