विश्लेषण : पुलगावची शेड आणि मोरीतले ॲसिड

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात एका शेडला आग लागून प्रचंड स्फोट झाला. १९ जणांचा बळी गेला. त्यांतले बरेच जण आग विझवायला धावलेले होते.

नेमके काय घडले?

शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते. त्यांतून टीएनटी पाझरत असल्याकडे नंतर बोट दाखवले गेले. शुद्ध टीएनटी सुमारे ८० अंशांना वितळते. पण त्यात अशुद्धी असेल तर त्याहून कमी तापमानातही तेलकट द्रव बाहेर येतो. वर्ध्याचा मे महिना कसा असतो, हे सांगायला नको.

मग सगळे भांडार का उडाले नाही?

कारण साठा विभागलेला होता. स्फोटकांचे संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात १३ गट आहेत. सुरुंग उडवणारा डिटोनेटर एका गटात, मुख्य स्फोटक दुसऱ्यात. दोन्ही एकाच छताखाली ठेवायचे नसतात. बैरुतच्या बंदरात मात्र २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्याच गोदामात फटाकेही होते, असे सांगितले जाते. ४ ऑगस्ट २०२० च्या त्या स्फोटात २०० हून अधिक लोक गेले.

याचा घराशी काय संबंध?

आपल्या मोरीतही असे दोन गट शेजारी नांदतात. विहिरीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ‘एकाने डाग निघत नाही, दोन्ही टाकू’ हा हिशेब इथेच अंगाशी येतो. लघवीच्या उग्र वासाच्या मुतारीत नुसती ब्लीचिंग पावडर टाकली, तरी त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन हा घातक वायू तयार होतो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणजे बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशीच.

पावडर कोरड्या जागी, झाकण लावून ठेवावी. ॲसिड वेगळ्या खोलीत, मूळ बाटलीतच. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच नाही. घसा जळजळू लागला, तर वर आणखी काही ओतत बसू नये. लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. डोळे चुरचुरत असतील तर किमान १५ मिनिटे साध्या पाण्याने धुवावेत. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठावा आणि काय काय मिसळले होते, ते डॉक्टरांना सांगावे.