तांबड्या विंचवाचे विष आणि चेतापेशीची दारे

धाराशिव जिल्ह्यातल्या बालाघाटच्या खडकाळ माळावर दगड उलटला की विंचू दिसणे नवलाचे नाही. माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंतीतही त्याला हवी तशी फट मिळते. बहुतेक विंचवांच्या दंशाने वेदना होते आणि ओसरते. तांबड्या विंचवाचे (हॉटेनटॉटा टॅम्युलस) मात्र तसे नाही. त्याचा दंश झाल्यावर, विशेषतः लहान मुलांना, उलट्या होतात, अंग घामाने भिजते, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरू शकते. चमत्कारिक गोष्ट अशी, की अशा गंभीर रुग्णात दंशाच्या जागी वेदना पुष्कळदा कमीच असते. ‘फार दुखत नाही’ म्हणून घरी थांबणे त्यामुळेच जिवावर बेतते.

या विषाची करामत समजण्यासाठी चेतापेशीच्या दारांची ओळख हवी. पेशीबाहेर सोडियमचे आयन आतल्यापेक्षा सुमारे दहापट असतात. पोटॅशियम उलट आत जास्त, सुमारे तीसपट. कॅल्शियमची तफावत तर दहा हजारपट आहे. पेशीपटलातील मार्गिका बंद असतात म्हणून ही विषमता टिकते. संदेश आला की सोडियमच्या मार्गिका उघडतात, धनभारित आयन आत घुसतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत मार्गिका आपोआप मिटतात. मग पोटॅशियम बाहेर पडते व पेशी पूर्वस्थितीला येते. ही विद्युत लाट चेतातंतूच्या टोकाला पोचताच तिथल्या कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात. टोकाशी चेतापारेषक रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या सज्ज असतात. कॅल्शियम आत आले की त्या पटलाशी एकरूप होतात आणि रसायन बाहेर पडते. कॅल्शियमची ही भूमिका उलगडणाऱ्यांपैकी बर्नार्ड काट्झ यांना १९७० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एवढ्यावर कॅल्शियमचे काम संपत नाही. माल खपला तर नवा घडवायला नको का? नॉरऍड्रेनॅलिन हे टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनते. पहिली पायरी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराची, आणि सगळ्या साखळीचा वेग तीच ठरवते. या विकराच्या गाभ्यात लोहाचा आयन असतो. तो नसेल तर काम ठप्प. पुढे डोपामिनचे नॉरऍड्रेनॅलिन करणाऱ्या विकराला तांब्याचा आयन लागतो. आत शिरलेले कॅल्शियम काही मदतनीस विकरांना जागे करते, ते टायरोसिन हायड्रॉक्सिलेजला फॉस्फेट जोडतात आणि उत्पादन वाढते. म्हणजे कोठार रिकामे करण्याचा आणि ते पुन्हा भरण्याचा हुकूम एकाच आयनाकडून येतो. शाळेत शिकवताना हा भाग सहसा सुटतो. माझ्या मते तोच सर्वांत सुंदर आहे.

आता विंचवाकडे वळू. विषातील लहान प्रथिने सोडियमच्या मार्गिकेला चिकटून तिला वेळेवर मिटू देत नाहीत. आयबेरिओटॉक्सिन हा ३७ अमिनो आम्लांचा आणखी एक घटक पोटॅशियमच्या एका प्रकारच्या मार्गिकेत बुचासारखा बसतो. सोडियम येतच राहते, पोटॅशियमची एक वाट अडते, आणि चेतातंतू पुनःपुन्हा उद्दीपित होतो. दर वेळी कॅल्शियम आत, दर वेळी पिशव्या रिकाम्या. ऍसिटिलकोलीनच्या पुराने घाम, लाळ आणि उलट्या. नॉरऍड्रेनॅलिन व अधिवृक्क ग्रंथीतून सुटलेल्या ऍड्रेनॅलिनच्या पुराने रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदय थकते. रुग्णाला मारतात ती त्याच्याच शरीराची रसायने.

रायगड जिल्ह्यात महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नेमके हेच ओळखले. रक्तवाहिन्यांवरील ज्या ग्राहींवर नॉरऍड्रेनॅलिन बसते, ते ग्राही अडवणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरले. त्यांचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन विषाला हात लावत नाही, उघड्या मार्गिकाही मिटवत नाही. पुराचा आवाज तेवढा रक्तवाहिन्यांना ऐकू येऊ देत नाही. विष पकडण्याचे काम प्रतिविषाचे. डॉ. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर केलेली तुलना २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्यांपैकी शेकडा ९१ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन दिलेल्यांपैकी शेकडा २३.

एक व्यावहारिक गोष्ट. ही गोळी शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ठेवायची नाही. नुसती वेदना असलेल्याला ती देत नाहीत. घाम, उलट्या, गार हातपाय दिसताच दवाखाना गाठायचा, आणि तिथे गोळी दिल्यावरही रुग्णाला आडवेच ठेवतात, कारण एकदम उठवले तर चढलेला रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो.