जुने यंत्र, नवी प्रणाली

यंत्र जुने झाले असे आपण केव्हा म्हणतो? त्याचे भाग झिजले म्हणजे, असे उत्तर कोणीही देईल. संगणकाच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुरेसे नाही. त्याचा देह धडधाकट असतानाच त्याला वार्धक्य येऊ शकते. कारण त्याचा सारा व्यवहार ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे कार्यप्रणालीवर, अवलंबून असतो, ती पुरविणाऱ्याने हात आखडता घेतला की यंत्र निराधार होते.

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचे स्पार्कस्टेशन २० हे याचे उत्तम उदाहरण होय. चपट्या पेटीत बसविलेले हे वर्कस्टेशन १९९४ साली बाजारात आले. कंपनीच्या सोलारिस प्रणालीची नववी आवृत्ती २००२ साली निघाली, तोवर त्याला आधार होता. २००५ च्या दहाव्या आवृत्तीने ३२ बिटांच्या साऱ्या जुन्या स्पार्क यंत्रांना निरोप दिला. २०१० साली ती कंपनीच ओरॅकलच्या हाती गेली.

तरीही हे यंत्र आज नव्या प्रणालीवर चालू शकते. बर्कलीच्या विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या शाखेतून १९९३ साली नेटबीएसडी ही प्रणाली निघाली. तिचा सोर्स कोड वाचण्यास, सुधारण्यास व वाटण्यास सर्वांना मोकळीक आहे. विशिष्ट यंत्रापुरता लागणारा भाग सर्वसामान्य भागापासून अलग ठेवावयाचा, ही तिची शिस्त. त्यामुळेच २०२४ साली निघालेली तिची दहावी आवृत्ती तीस वर्षांपूर्वीच्या या पेटीतही नांदू शकते.

अर्थात हे काम सहजसाध्य नव्हे. घड्याळाच्या चिपमध्येच बंद केलेली बॅटरी संपली की यंत्र तारखेबरोबर नेटवर्कवरील आपला पत्ताही विसरते. तो पुन्हा शिकवावा लागतो. कीबोर्ड व पडदा नसला तर सीरियल केबल जोडून दुसऱ्या संगणकावरून त्याच्याशी संवाद साधता येतो. प्रणालीची बांधणी त्याच्यावरच करू म्हटले तर फार काळ लागेल; म्हणून ती वेगवान नव्या संगणकावर करून मग इकडे आणतात. आजची भारदस्त संकेतस्थळे त्याला पेलत नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? २५ हा आकडा लिहिताना आपण दोन आधी लिहितो; ‘पंचवीस’ म्हणताना मात्र पाच आधी उच्चारतो. संगणकांचेही असेच दोन संप्रदाय आहेत. मोठी संख्या स्मृतीच्या अनेक घरांत विभागून ठेवताना स्पार्क यंत्र मोठा भाग आधी ठेवते, तर आज सर्वत्र आढळणारे बहुतेक संगणक लहान भाग आधी ठेवतात. प्रोग्राम लिहिणारा आपल्याच यंत्राची रीत जगाची रीत मानून चालला, तर त्याची चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. तोच प्रोग्राम स्पार्कवर आला की पंचविसाचे बावन्न होतात आणि चूक उघडी पडते. जुने यंत्र हा असा कसोटीचा दगड आहे. त्याच्यावर तावून सुलाखून निघालेला प्रोग्राम उद्याच्या, अद्याप न घडलेल्या यंत्रावरही टिकण्याचा संभव अधिक.

परंतु मोकळा सोर्स कोड म्हणजे अमरत्वाचा ताम्रपट नव्हे. नेटबीएसडीतूनच निघालेल्या ओपनबीएसडीने २०१६ साली ३२ बिटांच्या स्पार्कचा सांभाळ थांबविला. कंपनीने दार लावले की ते बाहेरून उघडता येत नाही. येथे दार उघडे असते, एवढाच फरक. आत येऊन दिवा लावणारा माणूस मात्र लागतोच.