तारांकित नावं
आर-ओळख : भाग १४

गेल्या आठवड्यात आपण आरसोबतच येणाऱ्या ‘स्लीप’ या छोट्याशा डेटावर टी-टेस्ट चालवली. १० रुग्ण, झोपेची दोन औषधं, कुठल्या औषधानं झोप किती तास वाढली याच्या २० नोंदी. ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या विल्यम गॉसेटनं १९०८ साली आपल्या लेखात वापरला तोच हा डेटा. उत्तरात डिग्रीज ऑफ फ्रीडम आले १७.७७६, आणि बरेच जण तिथंच अडले. १० अधिक १० वजा २ म्हणजे १८, असं कॉलेजात घोटून घेतलेलं असतं. मग हे पावणेअठराचं काय प्रकरण?

आरमध्ये फंक्शनचं नाव कंस न लावता टाइप करून एंटर दाबलं की त्याचा कोड समोर येतो. म्हणजे वाट सरळ आहे: ‘टी.टेस्ट’ लिहा, एंटर दाबा. पण हाती लागते ‘यूजमेथड’ म्हणणारी जेमतेम एक ओळ, आणि तळाशी ‘नेमस्पेस: स्टॅट्स’. ही नुसती खिडकी झाली. आलेला कागद पाहून तो आत सरकवायचा, एवढंच तिचं काम. हिशेब करणारा कारकून आत बसलाय. आत कोण आहे ते ‘मेथड्स’ या फंक्शनला विचारलं, तर दोन नावं कळतात: टी.टेस्ट.डिफॉल्ट आणि टी.टेस्ट.फॉर्म्युला. दोन्हींपुढे तारा. विधिमंडळात प्रश्नावर तारा असला की मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. आरचा तारा नेमका उलटा. टी.टेस्ट.डिफॉल्ट हे अख्खं नाव लिहून पाहा. आर म्हणतं, अशी वस्तू सापडली नाही.

आता सांगितलंस ना की आहे म्हणून!

आहेच, पण ‘स्टॅट्स’ या पॅकेजच्या आत. पॅकेजच्या फोल्डरमध्ये ‘नेमस्पेस’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. पॅकेज लिहिणारा बाहेर द्यायची नावं तिच्यात ‘एक्सपोर्ट’ म्हणून लिहून ठेवतो. बाकीची घरातच राहतात. आरमध्ये ही सोय ल्यूक टिअर्नी यांनी केली, २००३ साली, १.७.० या आवृत्तीत. २०११ च्या २.१४.० पासून तर प्रत्येक पॅकेजला नेमस्पेस असतेच.

त्याआधीची रीत म्हणजे नावाच्या सुरुवातीला टिंब. ‘एलएस’ ही यादी देणारी आज्ञा टिंबानं सुरू होणारी नावं दाखवत नाही. हे युनिक्सकडून आलेलं वळण आहे, आणि तिथं ते मुळात एका आळसातून पडलं. फोल्डरच्या यादीत ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी दिसू नयेत म्हणून कुणीतरी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि टिंबवाली सगळीच नावं कायमची गुडूप झाली. आरची पूर्वज भाषा ‘एस’ बेल लॅब्जमधलीच, युनिक्सची शेजारीण. पण टिंब नुसतं यादीतून वगळतं. नाव टाइप केलं की वस्तू हजर. नेमस्पेसचं तसं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला माझ्याच चुकीतून कळलं. परीक्षेचे गुण तपासायला मी एक पॅकेज केलं होतं. लोकांच्या कामाची फंक्शन्स तीन, आणि त्यांच्या पोटातली किरकोळ तीसेक. आरनं आयता करून दिलेला पॅकेजचा सांगाडा घेतला की त्यातल्या नेमस्पेस फाइलमध्ये एक ढोबळ ओळ असते: अक्षरानं सुरू होणारं प्रत्येक नाव बाहेर द्या. मी ती तशीच ठेवली. माझ्या एका किरकोळ फंक्शनचं नाव होतं ‘सिलेक्ट’. एका सहकाऱ्यानं आधी डीप्लायर हे पॅकेज लोड केलं, मग माझं. त्याच्या कोडमधला प्रत्येक ‘सिलेक्ट’ डीप्लायरकडे न जाता माझ्याकडे येऊ लागला. दुपारभर तो स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत होता. पॅकेज लोड होताना आरनं ‘मास्क्ड’ अशी सूचना दिलेली असते, पण ती वाचतो कोण? डीप्लायर लोड करतानाही ‘फिल्टर’ आणि ‘लॅग’ झाकले गेल्याचं आर दर वेळी सांगतं.

उलट बाजूनंही संरक्षण असतं. पॅकेजमधलं फंक्शन एखादं नाव शोधताना आधी आपल्या नेमस्पेसमध्ये पाहतं, मग इतर पॅकेजमधून मागवून घेतलेल्या नावांत, मग बेसमध्ये, आणि त्यानंतरच तुमच्या वर्कस्पेसकडे वळतं. म्हणून तुम्ही गंमत म्हणून ‘मीन’ नावाचं भलतंच फंक्शन लिहिलंत, तरी स्टॅट्सचं गणित कोलमडत नाही.

आता कन्सोलवर ‘स्टॅट्स’ लिहून पुढे दोन कोलन द्या आणि टॅब दाबा. येतात ती फक्त एक्सपोर्ट केलेली नावं, चारशेहून जास्त. एक कोलन वाढवा, तीन करा. यादी दुपटीहून मोठी होते, कारण तीन कोलनना आतलं सगळं दिसतं. म्हणजे हे कुलूप नाहीच, लोटलेलं दार आहे. वाचायला खुशाल आत जा. पण आपल्या पॅकेजच्या कोडमध्ये दुसऱ्याच्या पॅकेजपुढे तीन कोलन लिहू नका. आतलं फंक्शन लेखक उद्या न सांगता बदलू शकतो, ते मोकळेपण राहावं म्हणून तर त्यानं ते आत ठेवलं. पॅकेज तपासताना आरही त्यावर शेरा मारतं. मला हा शेरा योग्य वाटतो, जरी तो मी स्वतः दोनदा खाल्लाय.

मधली एक पायरीही आहे. काही फंक्शन्स दुसऱ्या पॅकेजना लागतात म्हणून एक्सपोर्ट करावी लागतात, पण सामान्य वापरणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. त्यांच्या मदतपानावर ‘इंटर्नल’ हा कीवर्ड टाकतात. पान राहतं, अनुक्रमणिकेतून नाव जातं.

तर पावणेअठरा. स्टॅट्स, तीन कोलन, टी.टेस्ट.डिफॉल्ट, एंटर. या खेपेला कोड धो धो येतो. मधल्या भागात डिग्रीज ऑफ फ्रीडम काढणारी ओळ शोधा. एकूण स्टँडर्ड एररचा चौथा घात वर. खाली प्रत्येक गटाच्या स्टँडर्ड एररचा चौथा घात भागिले त्या गटाची संख्या वजा एक, आणि दोन्हींची बेरीज. हे वेल्चचं सूत्र. दोन गटांचा व्हेरिअन्स सारखा आहे असं आर आपण सांगितल्याशिवाय धरत नाही. ‘व्हार.इक्वल’ ट्रू करून टेस्ट पुन्हा चालवा, १८ येतील.