चार विटांची वाट

तोल सांभाळणे हे एकट्या पायांचे काम नव्हे. डोळे, कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिका, तळपाय व स्नायू यांकडून आलेली वर्दी मेंदू जुळवतो, तेव्हा मूल सावरते. त्या सरावासाठी माँटेसोरीबाईंनी जमिनीवर रेषा आखली. ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बोर्डीस, १९४५ साली बालवाडी काढली आणि बालशिक्षण स्वस्त, स्थानिक साधनांवर, वस्तीच्या अंगणात नेले. भाईंदरात आता अंगणेच दुर्मिळ. घरातली गुळगुळीत लादी तळपायाला नवे काही सांगत नाही. म्हणून मुलाला उत्तनच्या वाळूत अनवाणी चालू द्या. लंगडी चौथ्या वर्षाच्या सुमारास साधते, तोवर घाई नको. इमारतीखाली चार विटा ओळीने आडव्या मांडा, आणि मुलाचे बोट सोडा. विटेची उंची ती किती, चार बोटे!