डिकीत बॅग, डॅशबोर्डवर आजी!

शुक्रवार संध्याकाळ. ऑफिसमधून कल्टी आणि गाडी थेट भंडारदऱ्याकडे! पण अकोले मागे पडलं, राजूरनंतर डोंगर सुरू झाले, की मोबाइलची रेंज कधीही दगा देते. स्ट्रीमिंगचं गाणं अंतऱ्यातच गप्प. मग आठवतो तो बिचारा पेन ड्राइव्ह.

माझ्या पेन ड्राइव्हमध्ये मात्र गाण्यांबरोबर आजी होती. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती पहाटे ओव्या म्हणायची. त्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. ती गेल्यावर पहिल्यांदाच बाबांना घेऊन गावी निघाले होते. ‘लाव की आईचं,’ बाबा म्हणाले. लावलं, तर प्लेअरने फाइल ओळखलीच नाही. बाबा काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले.

परत आल्यावर लॅपटॉप उघडला. घोळ कुठे होता?

पहिला घोळ फॉरमॅटचा. एमपीथ्री हे नाव १९९५ मधलं, पण जवळपास प्रत्येक कार प्लेअरला आजही तेच कळतं. फोनचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा एमफोरए किंवा एएमआरमध्ये असतं. कन्व्हर्ट करा, काम झालं! मूळ फाइल मात्र डिलीट करू नका.

दुसरा पेन ड्राइव्हचा. जुन्या प्लेअरना ‘फॅट-३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच ड्राइव्ह वाचता येतो. ६४ जीबीचे ड्राइव्ह बहुधा ‘एक्सफॅट’मध्ये येतात. फॉरमॅट करण्याआधी आतला डेटा दुसरीकडे ठेवा, नाहीतर सगळं साफ!

तिसरा प्लेलिस्टचा. मी प्लेलिस्टची फाइल कॉपी केली आणि निर्धास्त झाले. पण एमथ्रीयू प्लेलिस्टमध्ये गाणी नसतातच, असतात फक्त पत्ते. ‘सी ड्राइव्हमधलं अमुक फोल्डर’ हा पत्ता गाडीला कसा सापडणार? सोपा उपाय म्हणजे गाणी एकाच फोल्डरमध्ये टाका आणि नावाआधी ०१, ०२, ०३ लिहा. काही प्लेअर नाव न बघता कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात, म्हणून कॉपीही त्याच क्रमाने करा.

जागेची चिंता नको. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी घेते. ऑडिओ सीडीत जेमतेम १५-१६ गाणी मावायची. त्याच ७०० एमबीच्या सीडीवर पाच मिनिटांची सुमारे १४० एमपीथ्री बसायची. ८ जीबीत तर सव्वाशे तास!

आणि हो, स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी सहसा त्या अ‍ॅपमध्येच वाजतात. सबस्क्रिप्शन संपलं की तीही गेली. जे खरंच आपलं आहे, ते आपल्या फाइलमध्ये हवं. एक कॉपी गाडीत, एक घरच्या म्युझिक सिस्टिमला, एक हार्ड डिस्कवर.

पुढच्या खेपेला संगमनेर ओलांडलं आणि ‘०१’ लावलं. आधी जात्याची घरघर, मग आजी. बाबांनी काच वर केली, आवाज थोडा वाढवला. गाव येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.